गाडी सात रस्त्याला तापते, रेडिएटरच्या फॅनला हाताने चालवायचा स्विच बसवायचाय

गरम_डोकं · २८ एप्रिल, रात्री ९:५०

मंडळी, जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, २००३ ची, वडिलांकडून आलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ती गाडीच विकून टाका"वर जाईल.

हायवेला काटा मध्यावर, हलत नाही. पण संध्याकाळी सात रस्ता नाहीतर आसरा चौकात दोन-तीन मिनिटं अडकलं की काटा चढायला लागतो. फॅन कधी लागतो, कधी लागतच नाही. मग एसी बंद, काचा खाली आणि हीटर चालू. हो, सोलापुरात, एप्रिलमध्ये, ४२ डिग्रीला हीटर. बायको आता माझ्याबरोबर बाजाराला यायला तयार नाही.

मागच्या आठवड्यात एका वायरमनकडे गेलो. त्याने फॅनची वायर कापली, बॅटरीपासून डॅशबोर्डखाली एक टॉगल स्विच आणि तिथून परत फॅनला असं "डायरेक्ट" करून दिलं. अडीचशे रुपये. आठ दिवस झकास. काल विजापूर रोडला गुडघ्यापाशी जळका वास आला. हात लावला तर स्विचची दांडी बोटाला चिकटली, च्युइंगमसारखी ओढली गेली. प्लॅस्टिक वितळलेलं, आणि फॅन बंदच होईना. गाडी बाजूला घेऊन बॅटरीचं टर्मिनल काढलं तेव्हा थांबला.

मला स्विच हवाच आहे, पण न जळणारा. योग्य वायरिंग कसं असतं? मीटर वापरता येतो, सोल्डरिंग जमतं. करंटची भीती नाही, बायकोची आहे.

सत्तर_फूट_रोड · २८ एप्रिल, रात्री १०:१२

काय करलालास बे! सोलापूरच्या उन्हात हीटर लावून फिरणारा तू पहिलाच असशील. हुरडा भाजायचा सोडून स्वतःलाच भाजून घेतोयस.

माझं मत: दुसरा चांगला टॉगल लाव, मोठ्या अँपिअरचा. विषय संपला.

तांब्याची_तार · २८ एप्रिल, रात्री ११:१५

विषय तिथं संपत नाही, तिथून पेटतो.

गरम_डोकं, उद्या सकाळी आधी ते टॉगल काढून टाक आणि कापलेली टोकं नीट झाक. बत्तीस वर्षं हेच काम केलंय, असले वितळलेले स्विच डबाभर जमा झाले होते माझ्याकडे.

काय झालं ते समजून घे. तुझ्या फॅनची मोटर चालताना १०-१२ अँपिअर घेते, सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. तो सगळा करंट त्याने बॅटरीपासून तुझ्या गुडघ्यापर्यंत आणला आणि परत नेला. वायर बहुतेक एक चौरस मिलिमीटरची असणार. जाऊन-येऊन पाच मीटर धर. तेवढ्या तांब्याचा रेझिस्टन्स होतो ०.०८६ ओहम. १२ अँपिअरला एक व्होल्ट वायरीतच मेला, म्हणजे १२ वॅट नुसते वायर तापवायला. फॅनला मिळतात अकरा, तोही ढिला फिरतो.

आता स्विच. टॉगलवर १० अँपिअर लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा घरच्या एसी लायनीसाठी, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या करंटसाठी. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप तुटते. बॅटरीच्या डीसीत तसं होत नाही, ठिणगी ताणली जाते, त्यात समोर मोटर. पॉइंट जळतात, जळले की तापतात, तापले की चिकटतात. म्हणून तुझा फॅन बंद होईना.

मध्ये फ्यूज होता का?

गरम_डोकं · २८ एप्रिल, रात्री ११:२१

नाही काका. फ्यूज नव्हता.

तांब्याची_तार · २८ एप्रिल, रात्री ११:२४

सिद्धरामेश्वरांना नारळ फोड. बाकीचं उद्या लिहितो, डोळे मिटायला लागले.

वीस_अँपिअर · २९ एप्रिल, सकाळी ७:४०

काका झोपलेत तोवर मी लिहितो, डिप्लोमा इलेक्ट्रिकल दुसरं वर्ष.

रिले लाव, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. चार पायांचा, १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचा. शिवाय डॅशबोर्डला तीन पोझिशनचा स्विच: ऑटो, चालू, बंद. मी माझ्या मामाच्या गाडीला असंच करून दिलंय. पावसाळ्यात रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की "बंद" करायचं, म्हणजे पाती पाण्यात आपटत नाहीत. पाण्यात फिरणारी पाती पुढे वाकून रेडिएटरला घासतात.

अक्का_चालवते · २९ एप्रिल, सकाळी ८:०५

पात्यांचं खरं आहे. पण "बंद" केलेलं परत "ऑटो"वर न्यायची आठवण तुझ्या मामांना कोण करून देतं?

वीस_अँपिअर · २९ एप्रिल, सकाळी ८:११

मामी.

तांब्याची_तार · २९ एप्रिल, सकाळी १०:३०

पोरा, रिलेचं बरोबर सांगितलंस. "बंद"बद्दल मात्र भांडणार. वर्षातून दोन दिवस पाण्यातून जायचं म्हणून ३६३ दिवस गाडीत गळफास टांगून ठेवायचा? एकदा विसरलं की इंजिन तापून हेड गॅसकिट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेलंच. पाण्यातून जायची वेळ आली तर फ्यूज हाताने काढ, पलीकडे गेल्यावर लाव. हातात फ्यूज असला की विसरत नाही माणूस. या स्विचला दोनच जागा: एक "गाडी ठरवेल", दुसरी "मी सांगतो म्हणून चालू".

आता वायरिंग. स्विच म्हणजे मुकादम, रिले म्हणजे हमाल. मुकादमाने ओझं उचलायचं नसतं, नुसती हाक मारायची. तुझ्या त्या वायरमनने मुकादमाच्याच पाठीवर पोतं ठेवलं.

रिलेच्या बुडाशी आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ ही कॉइल. ३० आणि ८७ हे पॉइंट, कॉइलला करंट मिळाला की जुळतात. पाच पायांचा मिळाला तर मधला ८७-ए मोकळा सोड, तिथं फॅन जोडलास तर उलटा कारभार होईल, रिले बंद असताना फॅन चालू.

बॅटरीच्या प्लसपासून जाड वायर, अडीच चौरस मिलिमीटर, गाडीची मऊ बहुतारी. घराची कडक एकतारी नको, धक्क्याने तुटते. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज होल्डर, तिथून ३० ला. ८७ पासून तेवढ्याच जाडीची वायर फॅनच्या प्लसला. फॅनचा मायनस बॉडीला (गाडीच्या पत्र्याला, बॅटरीचा मायनस तिथेच असतो), पण रंगावर नाही, पत्रा घासून चकचकीत करून थिंबल (वायरीच्या टोकाचं कडं) आवळायचं. जमलं तर थेट बॅटरीच्या मायनसला आण. रिले बोनेटमध्येच, फॅनजवळ, पाय खाली करून. पाय वर केलेस तर पाणी आत बसतं.

८६ ला इग्निशनची लाइन, म्हणजे चावी फिरवल्यावरच प्लस येणारी, तिलाही छोटा फ्यूज. ८५ पासून तुझ्या थर्मो स्विचला, म्हणजे रेडिएटर तापला की आपोआप जुळणाऱ्या स्विचला. थर्मो स्विच तापला की ८५ ला बॉडी मिळते, कॉइल ओढते, फॅन लागतो.

मुख्य गोष्ट आता. त्याच ८५ वरून दुसरी बारीक वायर काढ, डॅशबोर्डच्या स्विचला ने, स्विचचं दुसरं टोक बॉडीला. एवढंच. थर्मो स्विच आणि तुझा स्विच एकमेकांच्या शेजारी, समांतर. कोणीही एकाने बॉडी दिली की फॅन चालतो. तुझा स्विच बंद असला तरी थर्मो स्विचची वाट अडत नाही. तुझी वायर तुटली तरी गाडी कंपनीतून आली तशीच राहते. स्विचमधून जाणारा करंट किती? कॉइल ९० ओहमच्या आसपास, म्हणजे ०.१३ अँपिअर. त्याला अर्धा चौरस मिलिमीटरची वायरही पुरे. आणि गंमत बघ, ती वायर आत कुठे घासून बॉडीला लागली तर काय होईल? फॅन चालू राहील. ठिणगी नाही, आग नाही. बिघडायचंच असेल तर अशा बाजूने बिघडावं.

वीस_अँपिअर · २९ एप्रिल, सकाळी १०:५२

काका मस्त. फ्यूज ३० चा घालू दे ना त्याला, सुरुवातीच्या झटक्याला २० चा उडेल.

तांब्याची_तार · २९ एप्रिल, सकाळी ११:१०

फ्यूज फॅनला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. त्या अडीचच्या वायरीला २० चा. ब्लेड फ्यूज क्षणभराचा झटका सोसतो. नाही सोसला तर मोटरचे बुश जाम आहेत का बघायचं, फ्यूज मोठा करायचा नाही. आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार भरणाऱ्याने माझं नाव चोरलंय असं समजेन.

सत्तर_फूट_रोड · २९ एप्रिल, सकाळी ११:३०

😂 लई भारी. पण एक सांगा, प्लस बॅटरीवरून थेट घेऊन ८६ ला दिला तर? चावी काढली तरी फॅन फिरेल, इंजिन थंड होईल.

तांब्याची_तार · २९ एप्रिल, दुपारी १२:०४

आणि स्विच चालू विसरून तू झोपलास तर? ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, १२ अँपिअरचा फॅन. तीन तासही टिकणार नाही. शिवाय इंजिन बंद म्हणजे पाण्याचा पंपही बंद. फॅन नुसतं रेडिएटरमधलं पाणी गार करणार, गरम पाणी ब्लॉकमध्येच बसून राहणार. घाट चढून आलास तर दोन मिनिटं आयडलला ठेवून मग बंद कर, ते जास्त कामाचं.

अक्का_चालवते · २९ एप्रिल, दुपारी १:१५

स्विचची सगळी चर्चा झाली, पण थर्मो स्विच काम का करत नाही हे कोणी विचारलंच नाही. गाडी २००३ पासून स्वतःच फॅन लावत होती ना? मग आता का लावत नाही? आमच्या शाळेच्या घंटेचं असंच झालं होतं. घंटा वाजत नाही म्हणून शिपाई ताट बडवायचा, दोन वर्षं बडवत होता. शेवटी कोणीतरी घंटेचं बटण उघडलं तर आत मुंग्यांचं वारूळ.

गरम_डोकं, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता?

गरम_डोकं · २९ एप्रिल, दुपारी २:४०

अक्का, बरोबर जागी बोट ठेवलंत. कूलंट असा नाहीच. पाणी कमी झालं की बोअरचं घालतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते प्यायला पुरत नाही, गाडीला कुठून.

अक्का_चालवते · २९ एप्रिल, दुपारी २:४८

तुमच्या गीझरचा रॉड कधी बाहेर काढून बघितलाय? पांढरा थर? तोच रेडिएटरमध्ये आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातला चुना सुटतो आणि नळ्यांना धरतो.

तांब्याची_तार · २९ एप्रिल, दुपारी ४:२०

अक्कांनी म्हाताऱ्याला लाजवलं. मीच आधी विचारायला हवं होतं.

आता असं कर. पहिलं, इंजिन थंड असताना, चावी चालू करून थर्मो स्विचचा कपलर (वायरींचा प्लग) काढ आणि त्यातले दोन्ही पॉइंट वायरच्या तुकड्याने जोड. एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकव. फॅन फिरला तर मोटर, रिले, वायरिंग ठीक. बोटं, ओढणी, गळ्यातला टॉवेल पात्यांपासून लांब, फॅन सांगून सुरू होत नाही.

दुसरं, थर्मो स्विच काढून उकळून बघ. त्याच्यावर आकडे कोरलेले असतात, ९२-८७ असे काहीतरी. पहिल्याला लागायचं, दुसऱ्याला सुटायचं.

आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ते झाकण आत ०.९ बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी ११८ पर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलंस की दाब गेला, आणि त्याच क्षणी ते सगळं उकळून तुझ्या तोंडावर.

बाळेकर_डिझेल · २९ एप्रिल, संध्याकाळी ६:००

माझ्या पिकअपला पण असा स्विच बसेल का? फॅन इंजिनलाच आहे, पट्ट्यावर.

तांब्याची_तार · २९ एप्रिल, संध्याकाळी ६:३३

नाही. तुझ्याकडे वायरच नाही. इंजिन गरम असताना बंद करून पाती हाताने फिरवून बघ. अगदी सैल गरगर फिरली तर मधलं व्हिस्कस कपलिंग गेलं. यासाठी वेगळा धागा काढ.

गरम_डोकं · १ मे, सकाळी ११:४५

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

कपलर जोडला, फॅन एकदम फिरला. म्हणजे मोटर ठीक. (वायरमनने कापलेल्या वायरी आधी पूर्ववत जोडल्या. त्याचे जोड म्हणजे नुसता पीळ आणि वर काळी टेप. टेपचा डिंक उन्हाने विरघळून हाताला लागत होता.)

मग थर्मो स्विच. जुनं दुधाचं पातेलं, स्विच दोऱ्याने आडव्या चमच्याला टांगला, बुडाला टेकू दिला नाही, फक्त पितळी डोकं पाण्यात. शेजारी बायकोचा बेकिंगचा थर्मामीटर. मीटर बझरवर, म्हणजे पॉइंट जुळले की वाजणार. ८५, मीटर गप्प. ९०, गप्प. ९३ ला आतून बारीकसा "टिक" आणि मीटर किंचाळला. मुलगी पळत आली, तिला वाटलं चहा झाला. गॅस बंद केला, ८८ ला परत टिक, आवाज थांबला. तीनदा केलं, तीनदा तेच. पाणी पुढे ९८ ला उकळलं, त्यावरून थर्मामीटरही बरोबर दाखवतोय असं धरतो. आपण समुद्रापासून साडेचारशे मीटर वर आहोत, १०० कुठून येणार.

पण म्हणजे थर्मो स्विचही ठणठणीत! मग फॅन लागत का नाही?

वीस_अँपिअर · १ मे, दुपारी १२:१०

सेन्सर कुठे बसवलाय? वर की खाली?

गरम_डोकं · १ मे, दुपारी १२:१४

रेडिएटरच्या खालच्या टाकीत.

वीस_अँपिअर · १ मे, दुपारी १२:१९

आलं लक्षात!!! आमच्या लॅबमधली थर्मामीटर गन आणतो. तू कुठे राहतोस?

गरम_डोकं · १ मे, रात्री ८:३०

हा पोरगा खरोखर आला. होटगी रोडला, भर दुपारी, सायकलवर. त्याला सरबत पाजून कामाला लावला.

गाडी अंगणात आयडलला. वीस मिनिटांनी काटा तीन-चतुर्थांश. वरची होज (इंजिनातून गरम पाणी आणणारी रबरी नळी): ९७. खालची टाकी, थर्मो स्विचच्या शेजारी: ६१. रेडिएटरच्या जाळीवर गन फिरवली तर डावीकडे वरचा कोपरा ९०, मधे ७०, आणि उजवीकडचा खालचा अख्खा भाग ४४. दुपारी पत्र्याच्या छताचंही तेवढंच होतं.

म्हणजे इंजिन तापलंय, पण त्याचं गरम पाणी थर्मो स्विचपर्यंत पोचतच नाही. त्या बिचाऱ्याच्या दृष्टीने सगळं थंड आहे. ९३ व्हायची वाट बघत तो ६१ ला बसलाय.

तांब्याची_तार · १ मे, रात्री ९:०५

शाब्बास दोघांना. नळ्या चोंदल्यात. हायवेला वारा भरपूर असतो, उघड्या राहिलेल्या चार नळ्यांवरही भागतं. सिग्नलला वारा नाही, फॅन नाही, आणि ज्याने फॅनला हाक मारायची तो गारव्यात बसलेला.

तुझा स्विच बसवून तू फॅन चालवला असतास, आठ दिवस चालवलाही. बरं वाटलं. पण नळ्या रोज आणखी बुजत होत्या. पुढच्या मेमध्ये फॅन फुल असूनही काटा लाल झाला असता, आणि मग तू म्हणाला असतास की स्विच बिघडला.

रेडिएटरवाल्याकडे जा. जुना पितळी असेल तर टाक्या उघडून नळ्यांत सळ्या घालून साफ करतात. अ‍ॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचा असेल तर नवा घे.

सत्तर_फूट_रोड · १ मे, रात्री ९:२०

मी आजच बाटलीभर बोअरचं पाणी भरून ठेवलेलं गाडीत, ओतून टाकलं बे.

अक्का_चालवते · १ मे, रात्री ९:४४

ओतलं ते झाडाला ना?

माझा प्रश्न राहिलाच. माझी गाडी २०१५ ची, तापत नाही. पण तुळजापूरच्या घाटात मालट्रकांच्या मागे रांगत जाताना आधीच फॅन लावता आला तर बरं वाटेल. तिला थर्मो स्विच नाही, सगळं कॉम्प्युटर बघतो. तिथे पण ८५ वरून वायर काढायची का?

तांब्याची_तार · २ मे, सकाळी ९:१५

अक्का, तिथे जपून. तुमच्या गाडीत सेन्सर फक्त तापमान सांगतो, रिलेच्या कॉइलला बॉडी देतो तो ईसीयू, म्हणजे तुमचा तो कॉम्प्युटर, आतल्या छोट्या ट्रान्झिस्टरने. त्या वायरीवर चुकूनही प्लस गेला आणि आत ट्रान्झिस्टर चालू असला तर तो गेलाच, म्हणजे ईसीयूचं बिल. बॉडी दिली तर सहसा जळत नाही, पण ईसीयू त्या वायरीवर लक्ष ठेवून असतो. मी सांगितलं नाही तरी ही खाली कशी आली म्हणून शंका घेतो आणि चेक इंजिनचा दिवा लावू शकतो. स्कॅनरला पी-०४८० सारखा कोड येतो.

त्यापेक्षा ईसीयूच्या वायरीला हातच लावू नका. दुसरा स्वतंत्र रिले घ्या, त्याची कॉइल तुमच्या स्विचवर, आणि त्याचे ३० आणि ८७ हे कंपनीच्या रिलेच्या ३० आणि ८७ ला समांतर. दोन हमाल, दोघांचे मुकादम वेगळे, पोतं एकच. दोन स्पीडचा फॅन असेल तर कुठल्या वायरीला जोडताय ते आधी मीटरने बघा. आणि फॅनला स्वतःचा कंट्रोल मॉड्यूल असेल, म्हणजे वेग हळूहळू कमी-जास्त होत असेल, तर यातलं काहीच करू नका. वॉरंटीत असलेल्या गाडीला तर वायर कटर दाखवूसुद्धा नका.

खरं सांगू? न तापणाऱ्या गाडीला स्विच कशाला. घाटात आधीच फॅन हवा असेल तर एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लागतोच.

अक्का_चालवते · २ मे, सकाळी ९:२२

एवढं लिहिल्यावर शेवटी एसी लावा! बरं. लावते.

गरम_डोकं · १० मे, रात्री १०:१०

अपडेट. नवा रेडिएटर, साडेतीन हजार. जुना मी दुकानातच मागून घेतला आणि घरी करवतीने कापला. नळ्यांच्या टोकांत पांढरा दगड. सुई घालून बघितली, दोन-तीन नळ्यांत एक उघडी. चुरा बोटाने चोळला तर पाटीवरच्या खडूसारखा. तो तुकडा मी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलाय. आत आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. भरताना हीटर फुल करून, झाकण उघडं ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं. (थंड इंजिनपासून सुरुवात केली काका, काळजी नसावी.)

तरीही स्विच बसवलाच. काकांनी सांगितलं तसाच: नवा रिले, २० चा फ्यूज बॅटरीपासून वीतभर, ८५ वरून बारीक वायर डॅशबोर्डला. सगळे जोड सोल्डर करून हीट श्रिंक. वीस_अँपिअरने दोन सुधारणा केल्या. एक, कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू ८६ कडे, म्हणजे रिले सुटताना कॉइल मारते तो उलटा झटका आतच जिरतो. दोन, ८७ वरून एक किलोओहम रेझिस्टर लावून लाल एलईडी डॅशबोर्डवर. फॅन कोणीही लावला, मी किंवा गाडीने, दिवा लागतो.

आता एक कोडं. पुणे रोडला मोहोळपर्यंत जाऊन आलो. स्विच बंद, काटा मध्याखाली, ८० चा वेग, आणि तो लाल दिवा मिणमिणतोय! पूर्ण नाही, उदबत्तीच्या टोकासारखा. सिग्नलला थांबलो की विझतो. रिलेचे पॉइंट चिकटले का?

वीस_अँपिअर · १० मे, रात्री १०:३१

गळती करंट? रिले बदल.

तांब्याची_तार · १० मे, रात्री १०:५०

रिलेला काही झालेलं नाही. ८० च्या वेगाने समोरून वारा घुसतो आणि फॅनची पाती फिरवतो. फिरणारी मोटर म्हणजे डायनॅमो. सायकलच्या चाकाला घासणारा डायनॅमो आठवतोय का? वीस_अँपिअरच्या वयाला नाही आठवणार. दोन-तीन व्होल्ट तयार होतात, एलईडीला तेवढे बास. तुझा फॅन दिवा लावतोय. निम्म्या डिप्लोमाने शंका घेतली, आता पुढच्या सेमिस्टरला लिहील उत्तरात.

वीस_अँपिअर · १० मे, रात्री १०:५३

🙏 व्हायव्हाला हेच विचारलं होतं, बॅक ईएमएफ. मी गप्प बसलो होतो.

गरम_डोकं · १७ मे, रात्री ९:३०

आज तुळजापूरला जाऊन आलो. दुपारी एक वाजता घाट, पुढे उसळ्या मारणारा एक टँकर, मागे बसमधून "आई राजा उदो उदो". गाडीत आई, बायको, मुलगी, एसी चालू. एसीचा कंडेन्सर फॅन वेगळा, त्याचा या दिव्याशी संबंध नाही. माझा हात स्विचपाशी तयार होता, तो टँकर थांबला की लावायचा म्हणून.

टँकर थांबला. काटा मध्यापासून केसभर वर गेला. मी स्विचला हात घालणार तेवढ्यात मुलगी मागून ओरडली, "बाबा, लाल!" दिवा लागला होता. पूर्ण, मिणमिण नाही. दोन मिनिटांनी आपोआप विझला, परत लागला.

अख्ख्या प्रवासात स्विच एकदाही वापरला नाही. बायको म्हणाली, मग ते बटण लावलंच कशाला.

सत्तर_फूट_रोड · १७ मे, रात्री ९:४१

आता हीटरला पण एक स्विच लाव बे, हिवाळ्यात कामाला येईल.